गोड गोष्ट आणि खरी गोष्ट

मैत्रिणींनो, जपानमधली ती गोष्ट तुमच्याही मोबाईलवर आली असेल. होक्काइदो बेटावरचं बर्फातलं ओसाड स्टेशन, रोज येणारी एकच शाळकरी मुलगी, आणि केवळ तिच्यासाठी रेल्वेने चालू ठेवलेली गाडी. 2016 च्या जानेवारीपासून ही गोष्ट जगभर फिरते आहे. वाचताना डोळे भरून येतात. पण पुढे पाठवण्याआधी ती नीट निवडून घ्यावी, तांदूळ निवडतो तशी.

ते स्टेशन म्हणजे सेकिहोकु मार्गावरचं क्यू-शिराताकी. फळ्यांचा आखूड फलाट आणि आडोशाला एक छोटी खोली, बस्स. ना स्टेशनमास्तर, ना तिकीट खिडकी. जपानमध्ये अशा स्टेशनावरून जाताना गाडीत चढल्यावर क्रमांकाची चिठ्ठी घ्यायची, आणि उतरताना चिठ्ठी व भाडं चालकाशेजारच्या पेटीत टाकायचं.

मुलगी खरी होती. एन्गारूच्या हायस्कूलला ती इथून जायची. पण गाडी तिच्या एकटीची नव्हती. मार्गावरच्या इतर स्टेशनांवरूनही विद्यार्थी चढत. कित्येक संदेशांत तर स्टेशनचं नावही चुकून कामी-शिराताकी असं पडलं. आणि प्रवासी फार थोडे, म्हणून स्टेशन बंद करायचं रेल्वेने ठरवलंच होतं. तिकडे गाड्यांचं नवं वेळापत्रक मार्चमध्ये लागतं, शाळेचं वर्षही मार्चमध्येच संपतं. 26 मार्च 2016 पासून क्यू-शिराताकी, कामी-शिराताकी आणि शिमो-शिराताकी ही तिन्ही स्टेशनं एकदमच बंद झाली.

मग गोष्टीत उरलं काय? माझ्या मते, बरंच उरलं. सकाळी सव्वासातच्या सुमारास शाळेच्या दिशेने जाणारी एकच गाडी तिथे थांबायची. त्या गाडीने ती मुलगी शिकायला जात होती. तिच्यावर कुणी उपकार केला नव्हता. मुलीच्या शिक्षणाला चमत्कार लागत नाही, रोज वेळेवर येणारी गाडी लागते. चमत्काराला हात जोडले की आपण मोकळ्या होतो. गाडी मात्र मागावी लागते, टिकवावी लागते.

तेव्हा संदेश जरूर पाठवा. फक्त शेवटी एवढं जोडा, की त्या मार्चमध्ये तीन वस्त्यांची स्टेशनं गेली. गोड गोष्टीत नेमकं तेच गाळलेलं असतं.