शेजाऱ्याची भाषा कोणी शिकायची?

पुणे-सोलापूर मार्गालगतचे मांजरी बुद्रुक २०२१ मध्ये पुणे महानगरपालिकेत समाविष्ट झाले. उसाच्या आणि भाजीपाल्याच्या शिवारात इमारती उभ्या राहिल्या. पण सैन्यभरतीचे स्वप्न उराशी बाळगून पहाटे धावणारी मुले अशा गावांत आजही दिसतात. १.६ किलोमीटरची धाव, बीमवरच्या ओढी, नऊ फुटांचा खंदक आणि लेखी परीक्षा ही त्यांची कसोटी. पाय मोजले जातात, छाती मोजली जाते, दृष्टी तपासली जाते. मात्र परकी भाषा शिकण्यासाठी लागणारा कान या मुलांपैकी कोणाजवळ आहे, हे कोणी मोजत नाही.

मांजरीच्या शिवारातून जाणारा जुना मुठा कालवा ज्या खडकवासल्याहून निघतो, तेथेच राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी आहे. १९५५ पासून तेथे सैन्याचे भावी अधिकारी घडत आहेत. पदवीच्या अभ्यासाबरोबर तेथील छात्राला अरबी, चिनी, फ्रेंच, रशियन यांसारखी एखादी परकी भाषाही शिकविली जाते. ती कोणाला कोणत्या निकषावर मिळते आणि प्रबोधिनीतून बाहेर पडल्यावर तिचे पुढे काय होते, हे प्रश्न वरकरणी किरकोळ वाटतात. प्रत्यक्षात ते राष्ट्राच्या सीमेशी निगडित आहेत.

या विषयाचे महत्त्व महाराष्ट्राला नव्याने सांगण्याची गरज नसावी. शिवछत्रपतींनी राज्यकारभारातील फारसी शब्दांना संस्कृत पर्याय देणारा राज्यव्यवहारकोश सिद्ध करविला, हे प्रत्येक मराठी माणूस अभिमानाने सांगतो. पण त्याच काळात दरबारी पत्रव्यवहारासाठी फारसीचे उत्तम जाणकारही पदरी बाळगले जात, याचे स्मरण क्वचितच होते. ‘पारसनीस’ हे आडनाव त्या पदाचीच खूण आहे. स्वभाषेचा अभिमान आणि शत्रूच्या भाषेचे ज्ञान यांत विरोध नाही, हे त्या पिढीला उमजले होते. घरात मराठी बोलावी, दरबार मराठीत चालवावा. पण दिल्लीहून आलेला खलिता वाचण्यासाठी दिल्लीच्याच माणसाकडे जाण्याची वेळ स्वतःवर येऊ देऊ नये, असा तो विवेक होता.

इंग्रजांनी हाच धडा उलट बाजूने गिरविला. १६७४ मध्ये राज्याभिषेकप्रसंगी हेन्री ऑक्झेंडन रायगडावर आला, तेव्हा त्याच्यासोबत नारायण शेणवी हा दुभाषा होता. कंपनीच्या वकिलाचे बोलणे एतद्देशीय जिभेवर अवलंबून होते. पुढच्या दीडशे वर्षांत चित्र पालटले. मोल्सवर्थ हा कोवळ्या वयात कंपनीच्या सैन्यात दाखल झालेला तरुण मराठी शिकला. जॉर्ज आणि थॉमस कँडी या बंधूंच्या साहाय्याने त्याने सिद्ध केलेला मराठी-इंग्रजी कोश १८३१ मध्ये प्रसिद्ध झाला आणि १८५७ मध्ये त्याची वाढविलेली दुसरी आवृत्ती निघाली. मराठी अभ्यासक आजही तो कोश उघडतात. त्या ग्रंथाचे ऋण मानावेच. पण तो सैन्याच्या माणसांच्या हातून घडला, हेही विसरू नये. जिंकलेला मुलुख राखायचा तर तेथील माणसाचे बोलणे स्वतःच्या कानांनी ऐकावे लागते, हे कंपनी सरकारला पटले होते.

आधुनिक काळात या विषयाची सर्वांत काटेकोर व्यवस्था अमेरिकेने उभारली. पर्ल हार्बरवरील हल्ल्यास जेमतेम पाच आठवडे उरले असताना, १ नोव्हेंबर १९४१ रोजी सॅन फ्रान्सिस्को येथे जपानी भाषेची लष्करी शाळा गुप्तपणे सुरू झाली. साठ विद्यार्थी, चार शिक्षक आणि विमानाचे एक जुने कोठार एवढाच तिचा पसारा. विद्यार्थी बहुतांशी जपानी वंशाचेच अमेरिकी सैनिक होते. त्या रोपट्याचा वृक्ष म्हणजे कॅलिफोर्नियातील मॉन्टेरे येथील संरक्षण भाषा संस्था.

तेथील पद्धत लक्षपूर्वक पाहण्यासारखी आहे. भाषाकार्यासाठी निवडायच्या सैनिकाला आधी एक चाचणी द्यावी लागते. तीत त्याला कोणती भाषा येते, हे विचारले जात नाही. कृत्रिमरीत्या रचलेल्या भाषेचे नियम सांगितले जातात आणि ते ऐकून तो किती लवकर आत्मसात करतो, हे तपासले जाते. भाषांच्या काठिण्यानुसार चार श्रेण्या आहेत. स्पॅनिश किंवा फ्रेंचसारख्या पहिल्या श्रेणीसाठी ९५ गुण पुरतात. चिनी, जपानी, कोरियन आणि अरबी या चौथ्या श्रेणीसाठी ११० लागतात. स्पॅनिशचा अभ्यासक्रम ३६ आठवड्यांचा, उर्दू, फारसी आणि रशियनचा ४८ आठवड्यांचा, तर चिनीचा तब्बल ६४ आठवड्यांचा. सैनिकाला आपली पसंती कळविता येते. पण अंतिम शब्द सेवेच्या गरजेचा. फ्रेंचचे स्वप्न पाहणाऱ्याच्या वाट्याला कोरियन येऊ शकते. तेथे भाषा मागून मिळत नाही. चौकीवर जशी नेमणूक होते, तशी भाषेवर नेमणूक होते.

भारताला ही दृष्टी किती निकडीची आहे, हे उत्तर सीमेने दाखवून दिले आहे. १५ जून २०२० रोजी गलवान खोऱ्यात वीस भारतीय सैनिकांनी बलिदान दिले. त्या तणावात सुरू झालेल्या कोअर कमांडर पातळीवरील चर्चेच्या फेब्रुवारी २०२४ पर्यंत एकवीस फेऱ्या झाल्या. चुशूल, नथू ला, बुम ला यांसारख्या ठिकाणी दोन्ही सैन्यांचे अधिकारी समोरासमोर बसतात, तेव्हा सेनानीच्या शेजारी दुभाषा असतो. चिनी भाषेत ‘माइ’ या एकाच उच्चाराचा अर्थ स्वराच्या चढउताराने ‘विकत घेणे’ किंवा ‘विकणे’ असा नेमका उलटा होतो. जेथे एका स्वराने व्यवहार उलटतो, तेथे अर्धवट शिकलेला दुभाषा म्हणजे न तपासलेले शस्त्रच.

लढाई केवळ शस्त्रांची उरलेली नाही. अरुणाचल प्रदेशातील स्थळांना चीनने स्वतःची नावे देण्याचा सपाटा लावला आहे. २०१७ मध्ये सहा, २०२१ मध्ये पंधरा, २०२३ मध्ये अकरा, २०२४ मध्ये तीस आणि २०२५ मध्ये सत्तावीस नावे जाहीर झाली. भारताने प्रत्येक वेळी ती फेटाळली, हे योग्यच. पण नकाशावरील आक्रमण आधी शब्दकोशात होत असते. ते उमगण्यासाठी आणि त्याला पुराव्यानिशी उत्तर देण्यासाठी चिनी आणि तिबेटी कागदपत्रे मुळातून वाचणारी माणसे देशाजवळ असावी लागतात.

भारताने या दिशेने काहीच केले नाही, असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. संरक्षण मंत्रालयाची परकीय भाषा शाळा दिल्लीत १९४८ पासून आहे. मध्य प्रदेशात पचमढी येथील सैन्य शिक्षण कोअरच्या केंद्रातही परकीय भाषा शिकविल्या जातात. २०२३ मध्ये तेजपूर विद्यापीठाशी करार होऊन जवानांसाठी चिनी भाषेचा सोळा आठवड्यांचा वर्ग ठरला आणि त्याच वर्षी प्रादेशिक सेनेने चिनी भाषेच्या पाच जाणकारांना अधिकारी म्हणून घेतले. ही पावले स्वागतार्ह आहेत. पण सोळा आणि चौसष्ट या आकड्यांतील अंतरही बोलके आहे. सोळा आठवड्यांत चौकीवर समोरासमोर येणाऱ्याशी चार वाक्ये बोलता येतील. त्याचे मन वाचता येणार नाही.

म्हणून तीन गोष्टी आवश्यक आहेत. पहिली, भरती होणाऱ्या प्रत्येकाची भाषिक क्षमता जोखणारी सोपी श्रवणचाचणी. ती इंग्रजीच्या गुणांवर बेतलेली नसावी. अन्यथा खेड्यातला तल्लख मुलगा पहिल्याच पायरीवर गळेल. दुसरी, भाषेचे वाटप आवडीनुसार नव्हे, तर सीमेच्या गरजेनुसार. चिनी आणि तिबेटीबरोबर पश्तू, ब्रह्मी, सिंहली यांनाही त्यात स्थान हवे. तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची, भाषा शिकलेल्या माणसाला तिच्याच कामावर दीर्घकाळ ठेवणे आणि त्यापायी त्याची बढती अडणार नाही, याची हमी देणे. दर दोन-तीन वर्षांनी होणाऱ्या बदल्यांच्या चक्रात भाषा गंजते. चार वर्षांच्या सेवेसाठी येणाऱ्या अग्निवीरांतही असा कान लवकर हेरून त्याला कायम सेवेत घेण्याचा विचार व्हावा.

परंतु सर्व भार सरकारवर टाकून समाजाला मोकळे होता येणार नाही. पुण्यातील सुशिक्षित घरांत मुलाला परकी भाषा शिकविण्याची हौस मोठी. ती बहुधा जर्मन, फ्रेंच किंवा जपानी असते. त्यामागे शिष्यवृत्ती, नोकरी आणि व्हिसा यांचे गणित असते. त्यात गैर काही नाही. मात्र ज्या देशाशी साडेतीन हजार किलोमीटरची सीमा भिडते, त्याची भाषा मुलाने शिकावी, हा विचार किती घरांत होतो?

वास्तविक पुण्याला चिनी भाषा परकी नाही. पु. वि. बापट यांनी विमुत्तिमग्ग या ग्रंथाच्या चिनी अनुवादाचा विसुद्धिमग्गाशी तौलनिक अभ्यास करून १९३७ मध्ये तो प्रसिद्ध केला. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ मध्ये चीनमध्ये गेले आणि तेथील भाषा शिकून, तेथल्याच जखमींची शुश्रूषा करीत १९४२ मध्ये निवर्तले. पंडित नेहरू १९५४ मध्ये माओंना भेटले, तेव्हा वसंत परांजपे या मराठी अधिकाऱ्याने दुभाषाचे काम केले. एकाने ती भाषा ज्ञानासाठी शिकली, दुसऱ्याने सेवेसाठी, तिसऱ्याने राज्यकार्यासाठी. तिघांपैकी कोणालाही तिने परदेशी स्थायिक होण्याचा परवाना दिला नव्हता.

मांजरीच्या रस्त्यावर उद्या पहाटेही मुले धावतील. त्यांच्यातील एखाद्याजवळ स्वराचा सूक्ष्म फरक टिपणारा कान असेल. कदाचित भजनी मंडळात तयार झालेला. त्याची पारख झाली नाही, तर तो चांगला शिपाई होईल आणि देशाची सेवाच करील. पण सीमेवरील तंबूत वाटाघाटी चालू असताना समोरचा सेनानी आपल्या सहकाऱ्याच्या कानात काय कुजबुजला, हे ओळखणारा माणूस देशाने गमावलेला असेल. शत्रूची बंदूक सर्वांनाच ऐकू येते; त्याची कुजबुज ऐकणारा मात्र शोधावा लागतो, घडवावा लागतो आणि जपावा लागतो.