जाकिटाच्या आधीचा नियम

मुंबई बंदरात घारापुरीला निघालेली ‘नीलकमल’ ही प्रवासी बोट १८ डिसेंबर २०२४ रोजी नौदलाच्या स्पीडबोटीच्या धडकेने बुडाली आणि १५ जणांचा जीव गेला. तेव्हा विधिमंडळाचे हिवाळी अधिवेशन नागपुरात चालू होते. मृतांच्या वारसांसाठी पाच लाखांची मदत येथूनच जाहीर झाली. चाचणी घेताना इंजिनात बिघाड होऊन स्पीडबोटीवरचा ताबा सुटला, असे नौदलाने सांगितले. गजबजलेल्या पाण्यात चाचणी का, आणि बोटीत क्षमतेपेक्षा जास्त माणसे कशी, असे प्रश्न विचारले गेले. ते रास्तच होते. पण त्या बंदरात रोजचा धोका आणखी एक आहे आणि त्यावर क्वचितच कोणी बोलते.

गेटवेहून घारापुरीला किंवा मांडव्याला जाणारी लाँच मोठ्या जहाजांची वाट आडवी ओलांडते. ही वाट म्हणजे गाळ उपसून खोल केलेला पट्टा. विदर्भाचा माल ज्या न्हावाशेव्यात जहाजावर चढतो, तिथली अवाढव्य जहाजे याच पट्ट्यातून येतात. पट्टा सोडला की जहाज गाळात रुतणार. म्हणून ते बाजूला वळू शकत नाही. थांबणे त्याहून कठीण. पूर्ण वेगातल्या जहाजाने इंजिन उलटे फिरवून स्वतःच्या लांबीच्या १५ पटींत थांबावे, असा आंतरराष्ट्रीय निकष आहे. साडेतीनशे मीटरच्या जहाजाला हे अंतर पाच किलोमीटरच्या वर जाते. बंदरात वेग कमी असतो, तरी वजन तेच. शिवाय, एवढ्या जहाजाच्या टोकापुढे ५०० मीटरपर्यंतचे पाणी कप्तानाला दिसले नाही तरी नियमाला ते मान्य आहे. त्या पाण्यातली होडी त्याच्या दृष्टीने नाहीच.

म्हणून सागरी वाहतुकीच्या आंतरराष्ट्रीय नियमांतला नववा नियम सांगतो: २० मीटरपेक्षा लहान बोटीने, शिडाच्या होडीने आणि मासेमारी करणाऱ्याने अशा जहाजाची वाट अडवू नये. हा लहानांवर अन्याय वाटेल. तसा तो नाही. उथळ पाण्याचा पर्याय लहान बोटीलाच आहे. तिने बोयांच्या, म्हणजे पट्ट्याची हद्द दाखवणाऱ्या तरत्या खुणांच्या, बाहेरून, कडेच्या पाण्यातून जावे. ओलांडायचेच असेल तर काटकोनात, झटपट आणि जहाज पुढे गेल्यावर त्याच्या मागून. जहाज एकाच दिशेला खिळल्यासारखे दिसत असेल आणि मोठे मोठे होत असेल, तर टक्कर ठरलेली. रात्री त्याचा लाल आणि हिरवा असे दोन्ही दिवे एकदम दिसले, तर ते थेट आपल्यावरच येत आहे. पाच तोकडे भोंगे म्हणजे तुमचा इरादा कळत नाही, ही जहाजाची ताकीद.

लाँच चालवणाऱ्या जुन्या तांडेलांना यातले बरेच अनुभवाने ठाऊक असते. पण शंभर प्रवाशांचा जीव अनुभवाच्या भरवशावर सोडता येत नाही. बंदरातली वाहतूक किती नाजूक आहे, हे ७ ऑगस्ट २०१० रोजी दिसले. ‘एमएससी चित्रा’ आणि ‘खलिजिया ३’ ही दोन मोठी जहाजे याच भागात एकमेकांवर आदळली, कंटेनर पाण्यात पडले, तेल सांडले आणि बंदराची वाहतूक काही दिवस ठप्प झाली. मोठ्यांची ही गत, तर लाकडी लाँचची काय सांगावी!

‘नीलकमल’नंतर जीवरक्षक जाकिटांची सक्ती झाली. ती हवीच. पण जाकीट धडकेनंतर कामाला येते. धडकच टाळायची तर प्रवासी लाँचसाठी जहाजांची वाट ओलांडण्याच्या जागा ठरवाव्या लागतील, प्रत्येक लाँचवर चालू स्थितीतला व्हीएचएफ रेडिओ लागेल आणि त्यावरच्या सोळाव्या, म्हणजे हाक आणि संकटाच्या, चॅनेलवर कान ठेवणारा माणूस लागेल. तांडेलाचा परवाना देताना नववा नियम त्याच्याकडून मराठीत वदवून घ्यायला हवा. सुट्टीत घारापुरी पाहायला जाणारी नागपूरची कुटुंबे याच लाँचमध्ये बसतात. महाराष्ट्र सागरी मंडळाने यातले काय केले आणि काय राहिले, हे विदर्भातल्या आमदारांनीही सभागृहात विचारावे आणि उत्तर लेखी मागावे.