पोटाला पत्ता विचारू नका

जमिनीच्या पत्रकात रेशनची बोंब कशाला, असे आपल्यातलेच काही साथी विचारतात. जमीन मिळाली की धान्य आपोआप येईल, सरकारी तांदळाच्या रांगेत उभे राहणे म्हणजे भीक, असे त्यांचे म्हणणे. आम्हाला ते मान्य नाही. का, ते सांगतो.

पाऊस तोंडावर आला आहे. आखाड-श्रावणात कातकरवाडीत हाताला काम नसते. खेकडे, मासे, रानभाजी यावर किती दिवस निघणार? मग मुकादम येतो. हजार-दोन हजार अंगावर देतो. ते पैसे दुकानातल्या तांदळात जातात. दिवाळी झाली की नवरा, बायको, पोरे सगळी भट्टीवर. कोणी कोळशाच्या, कोणी विटांच्या. पालीवरून एक रस्ता गोव्याकडे जातो, एक आंबा घाट चढून कोल्हापूरला. दोन्ही रस्त्यांनी आपली माणसे जातात आणि शिमगा उलटल्यावर येतात. उचल फिटली तर फिटली, नाहीतर पुढच्या सालाला पुन्हा तीच भट्टी.

या दिवसांत वाडीत म्हातारी माणसे तेवढी उरतात. ग्रामसभा होते, पाहणी होते, तेव्हा घराला कडी असते. ‘इथे कोणी राहत नाही’ असे लिहून घ्यायला किती वेळ लागतो? जागामालकाला कुंपण घालायला तेवढे पुरते. जमीन अशी जाते, आणि तिची सुरुवात आखाडातल्या रिकाम्या मडक्यापासून होते.

आता हिशेब करा. अंत्योदय कार्डावर घराला महिन्याला 35 किलो धान्य. 2022 अखेरपर्यंत गहू 2 रुपये, तांदूळ 3 रुपये होता. सगळा तांदूळच धरला तरी तेव्हा 105 रुपये होत. घरात एवढे धान्य असले तर मुकादमाला ‘नाही’ म्हणता येते. निदान मजुरीचा भाव तरी करता येतो. साथींनो, याला भीक म्हणायचे काय?

आणि हे कोणाच्या मेहेरबानीचे नाही. 2001 साली सरकारी गोदामांत 5 कोटी टनांहून जास्त धान्य पडून होते आणि राजस्थानात माणसे उपाशी होती. त्यावरून सर्वोच्च न्यायालयात दावा गेला. त्या दाव्यात 2 मे 2003 रोजी आदेश झाला की आदिम जमातीच्या सगळ्या कुटुंबांना अंत्योदय कार्ड द्या. महाराष्ट्रात आदिम जमाती तीन: कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड. ‘सगळ्या’ म्हणजे सगळ्या. निराधार विधवा, आधार नसलेले साठीच्या पुढचे म्हातारे, अपंग यांचीही नावे त्याच आदेशात आहेत. आदेशाला कित्येक वर्षे उलटून गेली.

मग अडते कुठे? खिडकीवर. कार्ड मागायला गेले की म्हणतात जातीचा दाखला आणा. दाखल्याला गेले की 1950 च्या आधीचा पुरावा आणा. ज्याचा बाप-आजा शाळेची पायरी चढला नाही, त्याने 1950 चा कागद कुठून आणायचा? बरे, राहण्याचा पुरावा आणा. त्याला घरपट्टीची पावती हवी. घरपट्टीला जागामालकाची संमती हवी. आणि ज्याच्या जागेत झोपडी आहे, ज्याच्या बागेत राबायचे, तोच म्हणतो, सही केली तर उद्या जागा मागाल. झाला फेरा पुरा! तांदळाचा कागद शेवटी सातबाऱ्यापाशी येऊन अडला. आता सांगा, रेशन वेगळे आणि जमीन वेगळी कशी?

आमच्या जिल्ह्यात आंब्याच्या पेटीलासुद्धा पत्ता असतो. पेटीवर रत्नागिरी लिहिले की भाव वाढतो. त्या बागेची राखण करणाऱ्याला मात्र पत्ता नाही.

कोणी म्हणते, ही माणसे एका जागी राहत नाहीत, कार्ड गहाण टाकतात. अहो, एका जागी राहायला दिले कुणी? कार्ड गहाण पडायचे, कारण एका वेळी 35 किलोचे पैसे हातात नसायचे. त्यावरचा उपायही त्याच आदेशात लिहिला आहे: दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबाला धान्य हप्त्याहप्त्याने घेऊ द्या. कार्ड दुकानदाराने स्वतःकडे ठेवायचे नाही, खोट्या नोंदी करायच्या नाहीत, दुकान महिनाभर ठरलेल्या वेळी उघडे ठेवायचे. नाहीतर परवाना रद्द होऊ शकतो. हे किती दुकानांच्या दारावर लावले आहे, वाडीवाडीने बघून या.

आमचे म्हणणे सरळ आहे. दाखल्याची वाट न बघता अधिकाऱ्यांनी वाडीवर यावे, शेजाऱ्यापाजाऱ्यांचे जबाब घेऊन पंचनामा करावा आणि कार्ड तिथेच द्यावे. आधी दाखला आणा, असे त्या आदेशात कुठे लिहिलेले नाही. दुसरे, जमीन महसूल संहिता 1966 च्या कलम 122 खाली गावठाणाची हद्द ठरवायचा अधिकार जिल्हाधिकाऱ्यांना आहे. तो वापरून कातकरवाड्यांना गावठाण द्या. म्हणजे कार्डाला पत्ता मिळेल आणि घराखालची जमीनही पक्की होईल.

तोवर आपण काय करायचे? एकट्याने खिडकीवर जायचे नाही, वाडीचा एकच अर्ज करायचा. घरटी नावे, अंगठे आणि सह्या त्यावर घ्यायच्या. अर्जाची पोच, तारीख आणि शिक्का घेतल्याशिवाय तिथून हलायचे नाही. ‘उद्या या’ म्हणाले तर ‘उद्या या’ हेच लिहून मागायचे. दुकानदाराकडे पडलेली कार्डे बायांनी एकजुटीने जाऊन परत आणायची. आणि या पावसात मुकादमाचा पैसा घेण्याआधी वाडीची बैठक घ्यायची.

धान्य आमच्या नावाचे आहे, ते घेऊ. आणि ते खाऊन जमिनीसाठी उभे राहू.