झिजणाऱ्या वस्तूची मुदत छापा

टायमिंग बेल्ट असलेल्या गाडीच्या सर्व्हिस बुकात एक ओळ हमखास सापडते: इतके किलोमीटर किंवा इतकी वर्षे, जे आधी पूर्ण होईल तेव्हा बेल्ट बदलावा. टायमिंग चेन असलेल्या गाडीच्या पुस्तकात बहुतेक वेळा अशी ओळच नसते, आणि तिचे नसणे हाच शोरूममध्ये विक्रीचा मुद्दा होतो. ‘चेन आहे, काही बघायला लागत नाही’, असे गिऱ्हाइकाला सांगितले जाते. चेन पोलादी असते हे खरे आहे. पण ती ज्या पट्ट्यांवरून सरकते, त्या गाइड आजच्या बहुतेक इंजिनांत नायलॉनच्या किंवा तशाच प्लास्टिकच्या असतात. नायलॉन झिजते, वर्षानुवर्षे तापून कडक होते आणि शेवटी तुटते. म्हणून ‘आयुष्यभराची चेन’ या शब्दांत अर्धेच सत्य आहे. माझे म्हणणे साधे आहे. जी वस्तू झिजते तिच्या तपासणीची मुदत कंपनीने छापली पाहिजे, ती वस्तू सुटी विकली पाहिजे आणि ती बदलण्याची माहिती परिसरातल्या मेकॅनिकलाही मिळाली पाहिजे.

या पट्टीवर काय अवलंबून असते ते आधी पाहू. क्रँकशाफ्ट दोनदा फिरला की कॅमशाफ्ट एकदा फिरतो आणि कॅम ठरल्या क्षणी वाल्व उघडतो व मिटतो. हा मेळ टायमिंग चेन राखते. इंजिन ३००० आरपीएमवर असताना प्रत्येक वाल्व सेकंदाला २५ वेळा उघडतो. इतक्या वेगाने धावणारी चेन मोकळी सोडली तर फटके मारील, म्हणून एका बाजूला स्थिर गाइड असते आणि दुसऱ्या बाजूला टेन्शनर एका हलत्या पट्टीने चेन दाबून धरतो. बहुतेक टेन्शनर इंजिन ऑइलच्या दाबावर चालतात. पट्टी झिजली, चेनच्या कड्यांमधल्या पिना झिजून चेन लांबली किंवा ऑइलचा दाब पडला, तर चेन सैल होते आणि एखादा दात सोडून पुढे सरकते. आजच्या बहुतेक इंजिनांत वाल्व आणि पिस्टन एकाच जागेत आळीपाळीने येत असतात. मेळ चुकला की दोघांची टक्कर होते, वाल्व वाकतात, हेड उतरवावे लागते आणि कधी कधी पिस्टनही जातो.

काढलेली जुनी गाइड हातात घेतली की इंजिनचा इतिहास वाचता येतो. चेनच्या दोन्ही कडांनी तिच्यावर दोन समांतर खाचा कोरलेल्या असतात. रंग तपकिरी झालेला असतो, स्क्रूच्या भोकापासून बारीक चीर निघालेली असते आणि टोकाचा तुकडा पुष्कळदा जागेवर नसतोच. तो तुकडा कुठे गेला हे ऑइल चेंबर खोलल्यावर कळते. पंप जिथून ऑइल ओढतो त्या जाळीवर प्लास्टिकचे कण चिकटून बसलेले असतात. जाळी तुंबली की ऑइलचा दाब उतरतो. दाब उतरला की टेन्शनर ढिला पडतो आणि बेअरिंगही कोरडी चालू लागतात. म्हणजे एका पट्टीचा बिघाड साऱ्या इंजिनभर पसरतो. याची सूचना आधी मिळते. रात्रभर उभी असलेली गाडी सकाळी सुरू केली की दोन-चार सेकंद पुढच्या बाजूने खडखड येते आणि ऑइल वर चढले की थांबते. थांबते, म्हणूनच ती दुर्लक्षिली जाते.

वेळीच हात घातला तर हे काम कोणत्याही चांगल्या फिटरच्या आवाक्यातले आहे, पण त्यात घाईला जागा नाही. क्रँक पुली, इंजिनचे माउंट, टॅपेट कव्हर, पुष्कळ गाड्यांत ऑइल चेंबर आणि शेवटी टायमिंग कव्हर, इतके सगळे उतरवल्यावर पट्टी दिसते. क्रँक आणि कॅम जागेवर बांधायचे, चेनच्या रंगीत कड्या स्प्रॉकेटवरच्या खुणांशी जुळवायच्या, नव्या पट्ट्या ठरल्या ताकदीने आवळायच्या, टेन्शनर दाबून पिन घालून बसवायचा आणि मग पिन ओढायची. त्यानंतर स्टार्टर न मारता क्रँक हाताने पूर्ण दोन फेरे फिरवायचा आणि स्प्रॉकेटच्या खुणा पुन्हा जुळतात का ते पाहायचे. अडत असेल तर तिथेच थांबायचे. लहान गाड्यांत पट्टीची किंमत शेकड्यांत असते आणि मजुरी हजारांत. इंजिन गेल्यावरचे बिल लाखाकडे झुकते. खोलण्याचे कष्ट एकदाच पडणार असल्यामुळे शहाणा मेकॅनिक पट्ट्या, टेन्शनर आणि चेन एकत्र बदलण्याचा सल्ला देतो, आणि तो सल्ला बरोबर असतो.

हा प्रश्न एखाद्या स्वस्त गाडीपुरता आहे असेही नाही. बीएमडब्ल्यूच्या एन-४७ या डिझेल इंजिनात चेन मागे, गिअरबॉक्सच्या बाजूला होती. तिथे पोहोचण्यासाठी गिअरबॉक्स किंवा अख्खे इंजिनच बाहेर काढावे लागे, त्यामुळे झिजणाऱ्या वस्तूची जागा निवडतानाच दुरुस्ती महाग करून ठेवली होती. त्याच कंपनीच्या एन-२० या पेट्रोल इंजिनातील प्लास्टिकच्या चेन गाइडबद्दल अमेरिकेत ग्राहकांनी सामूहिक दावा केला आणि तो तडजोडीने मिटला. आपल्याकडचे उदाहरण पुण्याजवळच्या रांजणगावचे आहे. तिथे फियाटचे १.३ लिटरचे मल्टिजेट डिझेल इंजिन तयार होत असे. स्विफ्ट, डिझायर, इंडिका व्हिस्टा, लिनिया अशा अनेक गाड्यांत हेच इंजिन वेगवेगळ्या नावांनी आले, म्हणून त्याला देशाचे ‘राष्ट्रीय डिझेल इंजिन’ असेही म्हटले गेले. ते दणकट आणि काटकसरी होते, पण ऑइल बदलायला उशीर केला की त्याची चेन आणि टेन्शनर कुरकुरतात, हे गॅरेजवाल्यांना ठाऊक आहे. १ एप्रिल २०२० रोजी बीएस-६ नियम लागू झाले आणि हे इंजिन भारतीय बाजारातून गेले. पण खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते. अखेरच्या काळात विकली गेलेली गाडी २०३५ पर्यंत रस्त्यावर असू शकते. तोवर तिच्या पट्ट्या कुठे मिळणार आणि त्या बसवण्याची मापे कोण सांगणार, याचे उत्तर मालकाला आजच मिळायला हवे.

कंपन्यांच्या बाजूने पहिला आक्षेप असा की दोष चेनचा नसून ऑइलकडे काणाडोळा करणाऱ्या मालकाचा आहे. यात तथ्य आहे. जुने, काजळीने भरलेले ऑइल चेन-पट्टीवर पॉलिश पेपरसारखे काम करते आणि पातळी घटली की टेन्शनरला दाब मिळत नाही. पण ‘काही बघायला लागत नाही’ असे ज्याला सांगितले, तो मालक ऑइलचा आणि चेनचा संबंध कसा जोडणार? शिवाय ऑइल बदलण्याचे वेळापत्रक मुख्यतः किलोमीटरवर बेतलेले असते आणि आपल्या शहरांत किलोमीटर फसवतात. ताशी सरासरी ४० किलोमीटरने एक लाख किलोमीटर जायला इंजिन २,५०० तास चालते. मुंबई-पुण्याच्या कोंडीत सरासरी २० वर आली की तेच अंतर ५,००० तास घेते. ओडोमीटर दोन्ही गाड्यांचा सारखा, पण एकीचे इंजिन दुप्पट वेळ चाललेले. म्हणून वेळापत्रकात किलोमीटरच्या जोडीला इंजिनचे तासही हवेत. ट्रॅक्टर आणि जनरेटरची सर्व्हिस तासांवरच ठरते, तर मोटारीची का ठरू नये?

दुसरा आक्षेप असा की वापर इतका वेगवेगळा असताना बदलण्याची एकच मुदत ठरवता येत नाही. ती ठरवावी असे मी म्हणतच नाही. मागणी तपासणीच्या मुदतीची आहे. ब्रेक पॅड कधी संपतील हे कुणी आधी सांगत नाही, पण किती मिलिमीटर उरले की बदलायचे हे लिहिलेले असते. टायरमध्ये तर झीज दाखवणारी खूण साच्यातच ओतलेली असते. टेन्शनर किती बाहेर आला आहे यावरून चेन आणि पट्टीची झीज मोजता येते. पुष्कळ इंजिनांत बारीक कॅमेरा आत घालून पट्टी पाहता येते. याहून महत्त्वाचे म्हणजे आजच्या गाडीचा संगणक क्रँक आणि कॅमच्या सेन्सरमधून दोघांमधला फरक सतत वाचत असतो. मर्यादा ओलांडल्यावर तो पी००१६ सारखा कोड दाखवतो. मर्यादेपर्यंतचा प्रवास कुठवर आला आहे हे मालकाला आणि त्याच्या मेकॅनिकला आधीच दाखवले, तर अपघात होण्याची वाट पाहावी लागणार नाही.

तिसरा आक्षेप सुरक्षिततेचा. माहिती आणि सुटे भाग सगळ्यांना मोकळे केले तर नकली पट्ट्या आणि अर्धवट कामे वाढतील, असे सांगितले जाते. नकली माल वाढतो तो अस्सल माल दुर्मीळ केल्यामुळे. अस्सल पट्टी सुटी, छापील किमतीला आणि सहज मिळाली तर नकलीची गरजच उरत नाही. तसेच हा युक्तिवाद आपल्या देशात एकदा तपासला गेला आहे. भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ च्या आदेशात १४ मोटार कंपन्यांना सुमारे २,५४४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. सुटे भाग आणि दोष शोधण्याची साधने खुल्या बाजारात न देणे हा वर्चस्वाचा गैरवापर आहे, असे आयोगाने म्हटले. पुढे हे प्रकरण अपिलांत आणि न्यायालयांत गेले, पण त्या आदेशाने मांडलेला प्रश्न गॅरेजमध्ये आजही तसाच उभा आहे. जुलै २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, त्यात मोटारींचाही विचार झाला आणि पुढे पोर्टलही आले. पोर्टलवर कंपनीने स्वखुशीने काय टाकावे, एवढ्यावर मात्र हा हक्क तगणार नाही.

ग्राहक कायदा आहेच की, असे कुणी म्हणेल. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात उत्पादन-दायित्वाचे स्वतंत्र प्रकरण आहे आणि पुरेशा सूचना किंवा इशारा न देणे हे उत्पादकावर जबाबदारी येण्याचे एक कारण आहे. पण त्याच कायद्यातील ‘हानी’च्या व्याख्येतून खुद्द त्या उत्पादनाला झालेले नुकसान वगळले आहे. पट्टी तुटून इंजिन गेले, तर नुकसान गाडीचेच होते, त्यामुळे मालकाला या प्रकरणाचा आधार मिळणे अवघड आहे. सदोष मालाची तक्रार करता येते, परंतु वॉरंटी संपून काही वर्षे गेलेल्या गाडीत दोष मुळातलाच होता हे सिद्ध करण्याचा भार त्याच्याच डोक्यावर येतो. गाडी १५ वर्षे चालवायची मुभा राज्य देते, वॉरंटी मात्र काही वर्षांतच संपते. मधल्या काळाचा सगळा धोका ज्याच्याकडे सर्वांत कमी माहिती आहे त्याच्यावर पडतो. हे न्याय्य नाही.

म्हणून नियम बदलायचा तो मोटार वाहन नियमांत किंवा दुरुस्तीच्या हक्काच्या चौकटीत, आणि तो सर्व कंपन्यांना सारखाच बंधनकारक हवा. चेन असलेल्या प्रत्येक इंजिनासाठी तपासणीची मुदत किलोमीटर आणि तास दोन्हींत छापावी. गाइड आणि टेन्शनर स्वतंत्र क्रमांकाने व किमतीने, उत्पादन थांबल्यावरही नोंदणीच्या मुदतीइतका काळ विकावेत. खुणा, आवळण्याची मापे आणि संगणकातील वाचने कोणत्याही गॅरेजला रास्त दराने द्यावीत. यासाठी नवे तंत्रज्ञान लागत नाही, कारण ही मापे कंपनीच्या स्वतःच्या वर्कशॉप पुस्तकात आहेतच. त्यातून मालकाच्या पुस्तकात एक ओळ यायची आहे: इतक्या किलोमीटरला किंवा इतक्या तासांनंतर टेन्शनर किती बाहेर आला ते मोजावे आणि मर्यादेबाहेर असल्यास चेन, गाइड व टेन्शनर बदलावेत. बेल्टच्या गाड्यांना ही ओळ पूर्वीपासून मिळते आहे. चेनच्या गाड्यांनाही ती मिळायला हवी.