मॉरिशसला जाताय? मग त्या सोळा पायऱ्याही बघून या

मॉरिशस म्हटलं की पूर्वी डोळ्यांसमोर यायचं ते नवीन लग्न झालेलं जोडपं. आता तसं राहिलेलं नाही. आपल्या तालुक्याच्या गावांतूनही भिशीच्या मैत्रिणी, निवृत्त शिक्षिका, लेकीबरोबर निघालेल्या आया असे गटच्या गट मॉरिशसला जातात. जायलाच हवं, चार पैसे साठवून बाईनं समुद्रापलीकडे जावं यासारखं सुख नाही. माझं भांडण आहे ते सहलीच्या कार्यक्रमपत्रिकेशी. सात दिवसांपैकी सहा दिवस बीच, बोट, पॅरासेलिंग आणि पुन्हा बीच. राजधानीच्या शहराच्या वाट्याला काय, तर 'पोर्ट लुईस, शॉपिंगसाठी दोन तास'!

आमच्याही कार्यक्रमात तेच लिहिलं होतं. बस कॉडन वॉटरफ्रंटच्या चकचकीत दुकानांसमोर उभी राहिली आणि सोबतच्या टूर लीडरनं सांगितलं, "ताई, बाकी शहरात बघण्यासारखं काही नाही, इथंच फिरा." ज्या मिठाच्या दिव्याची आणि डोडो पक्ष्याच्या चावीच्या किचेनची किंमत हॉटेलात ऐकली होती, तीच इथंही ऐकायची असेल तर फिरावं. आम्ही तिघी मात्र तिथून निघालो आणि चालायला लागलो.

तिथली माणसं या शहराला फ्रेंच वळणानं 'पोर लुई' म्हणतात. फ्रान्सच्या पंधराव्या लुईचं नाव. आधी डच आले, 1598 साली. त्यांनी आपल्या राजपुत्राच्या नावावरून बेटाला मॉरिशस म्हटलं आणि शंभर वर्षांच्या आत बिचारा डोडो संपला. मग फ्रेंच, मग 1810 पासून इंग्रज. स्वातंत्र्य मिळालं 12 मार्च 1968 ला. ही तारीख मुद्दाम निवडलेली, गांधीजींच्या दांडीयात्रेच्या आरंभाची. बंदर, मागे अंगठ्यासारखा वर आलेला डोंगर, दुसऱ्या एका सुळक्याच्या टोकावर ठेवल्यासारखा गोल धोंडा आणि मधल्या पट्टीत दाटीवाटीनं बसलेलं शहर. एका रस्त्यावर जुनी जुम्मा मशीद, दोन पावलांवर चिनी दुकानं, पलीकडे चर्च, आणखी पुढे गेलं तर तमिळ देऊळ. नोट हातात घेतली तर तिच्यावर इंग्रजीसोबत तमिळ आणि हिंदीही. घोड्यांच्या शर्यतींचं मैदान 1812 पासूनचं आहे. स्वातंत्र्याचा झेंडा पहिल्यांदा फडकला तो याच मैदानावर.

पण बायकांना एखादं शहर कळतं ते मंडईत. पोर लुईची सेंट्रल मार्केट ही खरोखर बघण्यासारखी जागा आहे. भाजीच्या ढिगांमध्ये आपली कारली, भेंडी, वांगी तर आहेतच. टोमॅटोला तिथं 'पोम दामूर' म्हणतात, म्हणजे प्रेमाचं सफरचंद! (आपल्याकडे भाव ऐंशीवर गेला की कुणी प्रेमाचं नाव घेत नाही.) शेवग्याच्या पाल्याची जुडी बघून मी बोट दाखवलं तर भाजीवाली म्हणाली, "बरेद मुरूम." बरेद म्हणजे पालेभाजी आणि मुरूम हा तमिळ 'मुरुंगै'चा शब्द. कोथिंबिरीला 'कोतोमिली'. कुणी कुठून काय आणलं ते असं भाजीच्या टोपलीत दिसतं. पुस्तक वाचायची गरज नाही.

आणि ढोल पुरी! आपल्या पुरणपोळीतला गूळ काढून घ्यायचा, डाळ तिखट-मिठाची करायची आणि पोळी हातरुमालासारखी पातळ लाटायची, की झाली ढोल पुरी. मिळते जोडीनंच. आत मोठ्या पांढऱ्या, वालासारख्या दाण्यांची रस्सेदार भाजी, टोमॅटोची 'रुगाय', वर चटणी आणि लोणचं. कागदात गुंडाळून हातात देतात, उभ्या उभ्या खायची. कचेरीतले साहेब, शाळेतली पोरं, हमाल, सगळे एकाच रांगेत. डाळवड्याला 'गातो पिमां' म्हणतात, म्हणजे मिरचीचा केक. रताळ्याच्या पिठाची, आत खोबरं भरलेली करंजी मिळते. फालुद्याचा 'आलुदा' होतो. आमच्या हॉटेलात रोज सकाळी 'इंडियन ब्रेकफास्ट' म्हणून थंड इडली मिळत होती. या रांगेत उभं राहिल्यावर तिची आठवणही नको वाटली.

मंडईपासून चालत थोड्याच अंतरावर आहे आप्रवासी घाट. त्यासाठी हा सगळा लेखनप्रपंच.

1835 साली मॉरिशसमधली गुलामगिरी कायद्यानं संपली. उसाच्या मळ्यांना माणसं हवीच होती. म्हणून इंग्रजांनी करारावर हिंदुस्थानी मजूर आणायला सुरुवात केली. 2 नोव्हेंबर 1834 ला 'अॅटलस' नावाचं जहाज 36 मजूर घेऊन आलं. पुढची जवळजवळ नव्वद वर्षं जहाजं येतच राहिली. बिहार-उत्तर प्रदेशातून कलकत्त्यामार्गे, तमिळ-तेलुगू मुलखातून मद्रासमार्गे आणि आपल्या कोकणातून मुंबईमार्गे. सगळे मिळून जवळजवळ पाच लाख लोक. यातली असंख्य माणसं बोटीतून उतरून बंदरावरच्या सोळा दगडी पायऱ्या चढली. त्या पायऱ्या अजून आहेत. 2006 साली युनेस्कोनं या जागेला जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. दरवर्षी 2 नोव्हेंबरला तिथं देशभर सुट्टी असते.

भव्य असं काही नाही हं. ताजमहाल बघायच्या तयारीनं गेलात तर हिरमोड होईल. काळ्या दगडाच्या भिंती, स्वयंपाकघराचं आणि दवाखान्याचं जोतं. बराचसा भाग तर मधल्या काळात रस्त्यानं गिळला. इथं मजुरांना दोन दिवस ठेवायचे, नोंद करायचे, नंबर द्यायचे आणि मळेवाल्यांकडे धाडायचे. नोंदीच्या वह्या आणि पुढच्या काळात काढलेले फोटो मोका इथल्या महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये जपून ठेवलेले आहेत. आजही लोक तिथं जाऊन आपल्या खापरपणज्याचा नंबर शोधतात.

खापरपणजीचाही शोधतात. आपण मजूर म्हटलं की पुरुष डोळ्यांसमोर आणतो. पण यात बायका होत्या, पुढे तर दर बोटीत त्यांचं ठराविक प्रमाण असावं असे नियमच सरकारनं केले. कुणी नवऱ्याबरोबर, कुणी विधवा, कुणी घरातून निघालेली. इंग्रज कारकुनाला जे ऐकू आलं ते नाव वहीत पडलं आणि तेच पुढच्या पिढ्यांचं झालं. म्हणून तिथल्या मराठी घरांची आडनावं आपल्यासारखी 'कर' लागलेली नसतात. पणज्याचं पहिलं नावच आडनाव होऊन बसलेलं असतं. गाव गळून गेलं.

याच बायकांच्या मुली-सुना मळ्यात राबल्या. 1943 साली बेल व्ह्यू हारेल इस्टेटीत मजुरांच्या संपावर पोलिसांनी गोळीबार केला, त्यात अंजली कूपेन ही गरोदर मजूर बाई मारली गेली. आज तिच्या नावानं देशातलं एक मोठं स्टेडियम आहे. आपल्या किती स्टेडियमना मजूर बाईचं नाव आहे, हे आठवून बघा. मला एकही आठवलं नाही.

घाटावर आम्हाला एक मराठी बाई भेटल्या. मॉरिशसच्या. आमचं बोलणं ऐकून त्या पुढे आल्या आणि अगदी पुस्तकी, स्वच्छ मराठीत म्हणाल्या, "नमस्कार. आपण महाराष्ट्रातून आलात का?" शाळेत मराठी शिकवतात. त्यांचे पूर्वज रत्नागिरीकडचे, एवढंच घरात ठाऊक. आमच्यातल्या एकीला भरून आलं. ती म्हणाली, "बाई, तुम्ही आमच्यापेक्षा जास्त संस्कृती जपलीत!" त्यावर बाई हसल्या. "घरात मुलं क्रेओलच बोलतात," म्हणाल्या, "मराठी आम्ही शिकतो."

मला हे उत्तर फार आवडलं. परदेशातल्या मराठी माणसाला भेटलं की 'तुम्ही जपलंत' अशी पाठ थोपटायची आपल्याला सवय आहे. जणू ते लोक म्हणजे आपलं फडताळातलं जुनं पितळेचं भांडं, घासूनपुसून ठेवलेलं. ते तसे नाहीत. ते मॉरिशसचे नागरिक आहेत, घरात क्रेओल, पेपर फ्रेंच, कचेरी इंग्रजी आणि त्यातून वेळ काढून, सरकारी शाळेत ऐच्छिक विषय म्हणून, मराठी. गणेश चतुर्थीला तिथं देशाची सार्वजनिक सुट्टी असते. कोकणातली जाखडी तिथं 'झाकरी' म्हणून नाचतात. हे आपोआप उरलेलं नाही. पिढ्यान्‌पिढ्या कुणीतरी, बहुतेक वेळा घरातल्या बायकांनी, कष्ट करून उरवलंय. भोजपुरी घरांतल्या बायका लग्नाच्या आधी जी गाणी म्हणतात त्या 'गीत-गवई'ला 2016 साली युनेस्कोच्या यादीत स्थान मिळालं. आपल्याकडे हळदीला डीजे लागतो. जात्यावरच्या ओव्या आता कुणाच्या तोंडी आहेत, विचारा आपापल्या घरात.

फक्त 'आपली माणसं, आपली माणसं' करत फिरू नका, एवढं मात्र सांगावंसं वाटतं. या बंदराच्या पहिल्या भिंती आफ्रिका आणि मादागास्करहून धरून आणलेल्या गुलामांनी बांधल्या. आपली माणसं आली ती त्यांच्या जागी. 2023 मध्ये बंदराजवळच्या जुन्या लष्करी रुग्णालयाच्या इमारतीत गुलामगिरीच्या इतिहासाचं संग्रहालय सुरू झालं. घाट बघितला तर तेही बघा. हॉटेलात रात्री रंगीत घागरे घालून जो 'सेगा' नाच दाखवतात, आणि आपण मोबाइल काढून ज्याचा व्हिडिओ करतो, तो मुळात या गुलामांचा. दिवसभर राबल्यावर रात्री शेकोटीभोवतीचा. ते कळल्यावर तो नाच वेगळाच दिसतो.

आता कुणी म्हणेल, पैसे खर्चून आनंद करायला जायचं, तिथं कशाला मजुरांची दुःखं उगाळायची? अहो, समुद्र बघाच की. निळा तो निळा, त्याला तोड नाही. मीही गुडघाभर पाण्यात उभी राहून फोटो काढलेत. पण दीड-दोन लाखांची बचत मोडून आपण निघतो, तर निदान त्या देशाच्या राजधानीत एक दिवस तरी घालवू. दोन तासांचं दुकान आपल्या जिल्ह्याच्या मॉलमध्येही आहे.

तर मैत्रिणींनो, पैसे भरण्याआधीच टूरवाल्याला विचारा की पोर लुईला किती वेळ दिलाय आणि त्यात आप्रवासी घाट आहे का. 'बघू' म्हणाला तर लेखी घ्या. सहा-आठ जणी मिळून मागितलं तर मिळतं. शहरात जायचं ते कामाच्या दिवशी आणि सकाळीच. 1860 च्या दशकात मलेरियाच्या मोठ्या साथीनंतर लोक वरच्या थंड गावांत राहायला गेले. तेव्हापासून संध्याकाळी कचेऱ्या सुटल्या की शहर रिकामं होतं आणि रविवारी तर ओस असतं. 2020 पासून मेट्रो सुरू झाली आहे, त्यामुळे बसवाल्यावरही अवलंबून राहायला नको. पायात साधी चप्पल, डोक्याला टोपी. नाश्ता हॉटेलात अर्धाच करा, ढोल पुरीसाठी पोटात जागा हवी. आणि दोन नाही, चार मागा.