पेटी जर्मनीची, मिस्त्री जालन्याचा

गेल्या उन्हाळ्यात मी जर्मनीतल्या एका ऑनलाइन दुकानातून ॲकॉर्डियन मागवलं. माझ्यासाठी नव्हे, जालन्याला बाबांसाठी. तेव्हापासून ऑफिसात मी या विषयातला तज्ज्ञ समजला जातो. एकाला गिटार हवी आहे, एकीला मुलीसाठी व्हायोलिन. बाहेरून मागवू का, किती वाचतात, कस्टमवाले काय करतात... चहाच्या मशीनपाशी उभं राहून तेच ते किती वेळा सांगायचं? म्हटलं, या वीकेंडला एकदाचं लिहूनच काढू.

माझं मत आधीच सांगून टाकतो. मागवा, बिनधास्त मागवा. पण वाद्य निवडण्याआधी ते दुरुस्त करणारा माणूस शोधून ठेवा. मी हे उलट्या क्रमाने केलं.

आता थोडी पार्श्वभूमी. बाबा सरकारी नोकरीत कारकून होते, आणि ऐंशीच्या दशकात जालन्यातल्या एका हौशी ऑर्केस्ट्रात ॲकॉर्डियन वाजवायचे. गणपती, लग्नं, कुणाच्या तरी दुकानाचं उद्घाटन. 'रूप तेरा मस्ताना'मध्ये केरसी लॉर्ड यांनी जे ॲकॉर्डियन वाजवलंय (१९६९ चा 'आराधना'), त्याची नक्कल आली की त्या काळी माणूस ॲकॉर्डियन वाजवतो असं मान्य व्हायचं. बाबांना ती यायची. त्यांचं वाद्य मुंबईहून सेकंडहँड आणलेलं, पूर्व जर्मनीतल्या क्लिंगेंथाल गावचं. २०१५ साली, मी इंजिनिअरिंगला लागलो त्या वर्षी, ते त्यांनी विकलं. मराठवाड्यात दुष्काळाचं ते सलग दुसरं वर्ष. मला सांगितलेलं कारण असं की भात्याला भोकं पडली होती, ठेवून काय करायचं. दहा वर्षं मी ते खरं धरून चाललो होतो. मागच्या दिवाळीत आई सहज बोलून गेली की भाता चांगला ठणठणीत होता, हॉस्टेलच्या डिपॉझिटची तारीख जवळ आली होती.

त्या रात्री मी दुकानांच्या साइट उघडून बसलो.

इथे पहिली गंमत होते. जर्मनीतल्या किमतीत तिथला १९ टक्के व्हॅट धरलेला असतो. पत्ता भारतातला टाकला की तो वजा होतो आणि आकडा डोळ्यांदेखत खाली येतो. माणूस हुरळतो. (१९ टक्के वजा होतात म्हणजे किंमत १९ टक्क्यांनी उतरत नाही, साधारण १६ टक्क्यांनी उतरते. पण रात्री दीड वाजता हे गणित कोण करतो!) मग आपल्या बाजूचं सुरू होतं. कस्टम ड्युटी नुसत्या वाद्याच्या किमतीवर लागत नाही. किंमत अधिक वाहतूक अधिक विमा, या सगळ्यावर लागते. त्यात ड्युटी मिळवून जी बेरीज येते तिच्यावर पुन्हा आयजीएसटी. माझं ६५ हजारांचं वाद्य जालन्यात पोचेपर्यंत ९७ हजारांचं झालं. वाचतात का पैसे? पुण्यामुंबईत तसलं वाद्य नवं मिळालंच तर फार नाही वाचत. पण तेच मॉडेल, तोच रंग, हव्या तितक्या पट्ट्या, हे इथे मिळत नाही. मी ७२ बासचं घेतलं, कारण १२० बासचं वजन आता बाबांच्या खांद्याला झेपलं नसतं.

ऑफिसात एक स्वदेशीवाला मित्र आहे. तो म्हणाला, आपली पेटी असताना हे परदेशी खूळ कशाला? मला हसूच आलं. आपली पेटी! हार्मोनियम १८४० च्या दशकात पॅरिसमध्ये अलेक्झांडर दबँ यांनी घडवला. पायाने भाता मारायचं ते अवजड प्रकरण मांडीसमोर बसवून एका हाताने भाता मारण्याजोगं करायचं काम कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोषांसारख्या कारागिरांनी केलं. सूर मात्र पुढेही बोटीने येत राहिले. जुन्या पेटीवाल्यांशी दोन मिनिटं बोला, पॅरिसचे कासरियल आणि जर्मन ज्युबिलेट सूर यांची नावं अत्तरासारखी घेतात. १९४० साली ऑल इंडिया रेडिओने हार्मोनियमवर बंदी घातली ती हे वाद्य आपल्या संगीताला शोभत नाही म्हणून, आणि ती सैल व्हायला १९७१ उजाडलं. मधल्या काळात आपले लोक पेटी वाजवतच होते. त्यातले एक, पं. आप्पा जळगावकर (१९२२–२००९), आमच्या जालन्याकडचे. त्यांची साथ ऐकून कुणी म्हणून दाखवावं की हे फ्रेंच वाद्य आहे!

तेव्हा परदेशी-देशी हा वाद मला पोकळ वाटतो. पेटी आपली झाली कारण गावोगाव तिला उघडणारे लोक तयार झाले. सूर घासून जुळवणारे, भात्याला कातडं लावणारे, आणि पुढे तर पालिताण्यात सूरसुद्धा आपल्याकडेच बनू लागले. हे मला आज सुचतंय. तेव्हा मी ऑर्डरचं बटण दाबलं आणि झोपलो.

पार्सल मुंबईपर्यंत आठ दिवसांत आलं. आधारची प्रत, घोषणापत्र, ड्युटीचे पैसे, सगळं ऑनलाइन झालं, विनाकटकट. पुढे मात्र ते संभाजीनगरच्या एका कुरियर गोदामात अकरा दिवस पडून राहिलं. पत्र्याचं गोदाम, मे महिना, बाहेर पारा बेचाळिसाच्या घरात. ट्रॅकिंगवर रोज एकच ओळ. मी पुण्यात एसीत बसून ती रोज रिफ्रेश करत होतो.

ॲकॉर्डियनच्या पोटात काय असतं ते मला तेव्हा माहीत नव्हतं. पोलादाच्या बारीक जिभा धातूच्या पट्ट्यांवर बसवलेल्या असतात आणि त्या पट्ट्या लाकडी ठोकळ्यांवर मेणाने चिकटवलेल्या असतात. खरोखरचं मेण, मधमाशीचं, त्यात थोडी राळ. दीडशेहून जास्त वर्षांच्या या यंत्रात अजून मेणच चालतं. मधमाशीचं मेण साधारण ६२ ते ६४ अंशांना वितळतं, पण मऊ त्याच्या बरंच आधी पडतं. म्हणून ॲकॉर्डियन उन्हात उभ्या गाडीत ठेवू नये असं जाणकार सांगतात. पत्र्याखालच्या अकरा दिवसांबद्दल कुणी काही सांगितलेलं नाही.

खोकं उघडलं तेव्हा मी व्हिडिओ कॉलवर होतो. बाबांनी पट्टे खांद्यावर घेतले, भाता ओढला, उजव्या हाताने चालीचे चार सूर वाजवले आणि पाचव्याला वाद्याचा घसा बसला. पुन्हा दाबलं, पुन्हा घरघर. वरच्या सप्तकातला आणखी एक सूर तर नुसती हवा सोडत होता. बाबा दोन क्षण थांबले, वाद्य खाली ठेवलं आणि म्हणाले, "छान आहे रे. हलकंय." आणि पेटीचं झाकण लावलं.

मग माझा ईमेलचा अध्याय. दुकानवाले वाईट नव्हते, हे मुद्दाम सांगतो. फोटो पाठवा, रेकॉर्डिंग पाठवा, मग म्हणाले वाद्य परत पाठवा, तपासून बदलून देऊ. पण परत पाठवायचं म्हणजे निर्यात! त्याचे कागद, त्याचं भाडं, बदलून आलेल्या वाद्यावर पुन्हा ड्युटीचा प्रश्न. कस्टम कायद्याच्या कलम ७४ मध्ये परत पाठवलेल्या मालावरची ड्युटी मागण्याची सोय आहे, न वापरलेल्या मालाला ९८ टक्क्यांपर्यंत. ती कारखानदारांना एजंटामार्फत जमते. एका ॲकॉर्डियनसाठी एजंट फोनसुद्धा नीट घेत नाही. शिवाय परतीचा प्रवास जूनमध्ये, त्याच गोदामातून. मी तीन आठवडे हे तक्ते मांडत बसलो. वाद्य पलंगाखाली.

चौथ्या आठवड्यात आईचा फोन. बाबा सकाळी पेटी रिक्षात घालून कुंडलिकेपलीकडे जुन्या जालन्यात गेलेत, हार्मोनियमवाल्या मिस्त्रींकडे.

मी बाबांना फोन लावला आणि चढ्या आवाजात बोललो. आता लिहितानाही बरं वाटत नाही. "बाबा, तुम्ही ते उघडू नका! वॉरंटी जाईल. त्या माणसाने आयुष्यात ॲकॉर्डियन पाहिलं तरी आहे का?" बाबा शांतपणे म्हणाले, "अरे, तुझी वॉरंटी जर्मनीत आहे. मी इथंय." आणि फोन मिस्त्रींच्या हातात दिला. मिस्त्री म्हणाले, "साब, ये तो अपनी पेटीच है. बस, खडी कर दी."

बरोबरच होतं त्यांचं. दोन्हीत हवेने थरथरणारी धातूची जीभ. फरक इतकाच की आपल्या पेटीत हवा एकाच दिशेने जाते आणि ॲकॉर्डियन भाता ओढतानाही वाजतं आणि दाबतानाही, म्हणून प्रत्येक सुराला दोन जिभा, पट्टीच्या दोन अंगांना. हे मिस्त्रींना कुणी सांगितलं नव्हतं. त्यांनी भात्याच्या चौकटीतल्या खिळ्या काढल्या, ठोकळे बाहेर घेतले, अर्धा तास नुसते बघत बसले आणि मग बाबांना समजावून सांगितलं. एक पट्टी मेणातून सरकली होती. दुसरीच्या कडेचं मेण ओघळून फट पडली होती. मेण-राळ त्यांच्याकडे होतीच. गरम करून पुन्हा बसवलं. जीभ टोकाशी घासली की सूर चढतो, बुडाशी घासली की उतरतो, हा नियम दोन्ही वाद्यांत सारखा. तो सूर त्यांनी आपल्या दुकानातल्या पेटीशी ताडून कानाने जुळवला. बिल ४०० रुपये. बाबांनी ५०० दिले म्हणे.

एक घोळ मात्र झाला. ॲकॉर्डियनच्या त्या लहरत्या आवाजाचं गुपित असं की एकाच स्वरासाठी दोन पट्ट्या एकदम वाजतात आणि त्या मुद्दाम किंचित विसंवादी लावलेल्या असतात. पेटीवाल्या कानाला ही चूक वाटणारच. मिस्त्रींनी दोन्ही अगदी काटेकोर एक करून टाकल्या. त्यामुळे सगळे सूर लहरतात आणि मधला एक पंचम सरळ, भजनी पेटीसारखा उभा राहतो. बाबांनी मला फोनवर वाजवून दाखवला आणि खो-खो हसले. ते इतकं हसलेले मी बऱ्याच दिवसांत ऐकलं नव्हतं.

तर, गिटारवाल्या मित्रा: लाकडी गिटारला हवेत साधारण ४५ ते ५५ टक्के आर्द्रता मानवते. मराठवाड्यातला एप्रिल-मे त्याच्या खूप खाली जातो आणि अखंड लाकडाच्या गिटारची वरची फळी तडकू शकते. तू गिटार परभणीला नेणार असशील तर आधी हा विचार कर. (गंमत म्हणजे तिच्यातलं शिसव बहुधा आपल्याकडचंच असेल. मार्टिन या अमेरिकन कंपनीनेसुद्धा १९६९ च्या सुमारास ब्राझीलचं शिसव सोडून भारतीय शिसव धरलं. लाकूड इथून जातं, गिटार होऊन ड्युटी भरून परत येतं.) व्हायोलिनवालीला काळजी कमी, व्हायोलिन उघडणारे लोक पुण्यात आहेत. आणि न्यू जर्सीतल्या माझ्या मावसभावाला, जो मिरजेचा तानपुरा तिकडे मागवतोय: मिरजेच्या सतार-तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं हे खरं, पण भोपळा विमानाच्या पोटातून धड पोचेल का, आणि जवारी उतरली की ती तिथे काढणार कोण? आधी त्या माणसाचा फोन नंबर, मग कार्ड.

मिस्त्रींनी परवा निरोप पाठवला. ॲकॉर्डियनच्या पोलादी जिभांना त्यांची कानस जाड पडते, तिकडे बारीक मिळत असेल तर मागवून द्या. मी त्याच दुकानातून जिभा घासायच्या कानशींचा संच मागवला आहे, दोन पट्ट्यांमधला फरक किती ठेवायचा त्याचा कागद मराठीत करून दिला आहे. पार्सल सध्या मुंबईच्या कस्टममध्ये आहे.