लाल मातीचं मडकं होत नाही

मे महिन्यात आठ दिवस नंदिगड्ड्याला मामांच्या घरी राहून आले. मामा जाऊन बरीच वर्षं झाली, पण घर अजून ‘मामांचं घर’च आहे. आता तिथे मामेभाऊ आणि वहिनी राहतात. बेळगावहून खानापूर, लोंढा, रामनगर करत जोयड्याला पोचायचं आणि पुढे जंगलातला रस्ता. सोबत माझी दहा वर्षांची नात आणि भाच्याची दोन मुलं होती. मोबाइलला रेंज कधी येते, कधी नाही. तिसऱ्या दिवशी मुलांनी जाहीर केलं की आज मडकी करायची.

परसातली लाल माती घमेल्यात भरली, पाणी ओतलं, मळायला बसली. माती काही केल्या धरेना. गोळा केला की भेगा, वळी केली की तुकडे. तासाभराने सगळे लालेलाल होऊन ओट्यावर बसले, आणि नातीने विचारलं, “आज्जी, मडकं लाल असतं आणि ही मातीपण लाल आहे. मग जमत का नाही?”

टाइल्सच्या कारखान्याच्या प्रयोगशाळेत तीस वर्षं मी मातीचे नमुने तपासले. आमच्याकडे शिकायला येणाऱ्या इंजिनिअर पोरांनीही हा प्रश्न इतका सरळ कधी विचारला नव्हता. उत्तर मात्र मातीपासून सुरू होत नाही, दगडापासून सुरू होतं. म्हणून मुलांना घेऊन टेकडीवर गेले.

घरामागच्या टेकडीचा माथा जांभ्याचा आहे. खाली रस्त्यासाठी जिथे डोंगर कापलाय, तिथे वेगळंच दिसतं. दगडाचे पट्टे स्पष्ट दिसतात, पण काठीने टोचलं की काठी आत जाते. हा दगड जागच्या जागी कुजलेला आहे. शाळेच्या भूगोलात याला ‘विदारण’ म्हणतात. तो शब्द ऐकला की मला नेहमी काहीतरी फाटल्यासारखं वाटतं. प्रत्यक्षात हे फार शांतपणे चालतं, आणि ते घडवून आणतो तो आपला पाऊस.

या भागातला मूळ खडक फार जुना आहे, 250 कोटी वर्षांहून जुना. ग्रॅनाइटच्या जातीचा, पट्ट्यापट्ट्यांचा. त्यात चकाकणारे कण दिसतात ते गारेचे, आणि दुधी-गुलाबी दिसतात ते फेल्डस्पारचे. फेल्डस्पार म्हणजे पोटॅश किंवा सोडा, अॅल्युमिना आणि सिलिका यांची एकमेकांत घट्ट गुंफलेली रचना. पाऊस पडताना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन येतो, जमिनीत कुजणारा पालापाचोळा आणि झाडांची मुळं त्यात आणखी भर घालतात. सोड्याच्या बाटलीत असतं तेच हे आम्ल, फक्त अगदी फिकं. ते फेल्डस्पारमधला पोटॅश आणि सोडा पहिल्यांदा सोडवतं, पाठोपाठ सिलिकाचाही काही भाग पाण्याबरोबर निघून जातो. उरलेलं अॅल्युमिना आणि सिलिका पाण्याला सोबत घेऊन नव्याने रचले जातात, पातळ पातळ पापुद्र्यांमध्ये. या नव्या खनिजाचं नाव केओलिनाइट. चीनमध्ये जिंगदेझेन या चिनी मातीच्या भांड्यांच्या शहराजवळ काओलिंग नावाची टेकडी आहे, त्यावरून हे नाव आलं. शुद्ध केओलिनाइटमध्ये वजनाने सुमारे 46 टक्के सिलिका, 39 टक्के अॅल्युमिना आणि 14 टक्के पाणी असतं. हे पाणी मातीच्या ओलेपणाचं नाही. ते खनिजाच्या रचनेतच अडकलेलं असतं. हे लक्षात ठेवा, पुढे भट्टीत ते पुन्हा येणार आहे.

गार मात्र कुजत नाही. फेल्डस्पारची माती झाली तरी ती तशीच कणाकणाने राहते, म्हणून रस्त्याकडेची ती माती हाताला खरखरीत लागते.

आता पाऊस इथेच थांबला असता तर गोष्ट सोपी होती. पण सह्याद्रीचा पाऊस थांबत नाही. उंच माथ्यावर, जिथे पाणी झरझर खाली उतरतं, तिथे लाखो वर्षांत उरलेली सिलिकाही धुऊन जाते. मागे राहतात लोखंड आणि अॅल्युमिनियम, तेही गंजलेल्या रूपात. तोच आपला जांभा. बेळगाव-कोल्हापूरकडच्या काही माथ्यांवर तर अॅल्युमिनियम इतकं साठलं की त्याचं बॉक्साइट झालं. फ्रान्सिस बुखानन या इंग्रजांच्या डॉक्टरने 1800-1801मध्ये म्हैसूर, कानडा आणि मलबार पालथं घातलं. जमिनीतून काढताना मऊ असणारा आणि उघड्यावर टणक होणारा हा दगड लोक कुऱ्हाडीने विटांसारखा कापतात, हे पाहून त्याने लॅटिनमधल्या ‘वीट’ या शब्दावरून त्याला ‘लॅटेराइट’ नाव दिलं.

म्हणजे नातीच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर असं, की परसातली लाल माती ही मडक्याच्या मातीच्या पुढे निघून गेलेली आहे. दगड अर्धवट कुजला की मुरूम, बेताने कुजला की चिकणमाती, आणि फार कुजला की जांभा. कुंभाराला मधला मुक्काम हवा असतो.

तो मधला मुक्काम जांभ्याखालीच दडलेला असतो. आमच्या विहिरीत वाकून पाहिलं तर वरचा लाल थर संपल्यावर खाली पांढरट, गुलाबी, पिवळे डाग असलेला मऊ थर दिसतो. मंगळूरकडे याला ‘शेडी’ म्हणतात. विहीर खणणाऱ्यांना तो नको असतो, कारण पावसात ढासळतो. आमच्यासारख्यांना मात्र तो पाहून आनंद होतो. त्यात केओलिन भरपूर असतं. मुलांना विहिरीजवळ फार वेळ थांबू दिलं नाही, वहिनींची नजर होती.

देशावरच्या वाचकांना इथे प्रश्न पडेल की मग आमच्या काळ्या मातीचं काय? ती तर भरपूर चिकट. तिथला खडक बेसाल्ट, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. त्यात चुना, मॅग्नेशियम आणि लोखंड जास्त, आणि पाऊस कमी, त्यामुळे हे घटक पूर्ण धुऊन जात नाहीत. तयार होतं ते माँटमोरिलोनाइटच्या घराण्यातलं खनिज. त्याच्या पापुद्र्यांच्या आत पाणी शिरतं, माती फुगते, आणि उन्हाळ्यात पाय जाईल एवढ्या भेगा पडतात. कापसाला ती सोन्यासारखी. पण नुसत्या काळ्या मातीचं मडकं केलं तर ते वाळतानाच तडकतं. देशावरचे कुंभार नदीकाठची, तळ्यातली माती शोधतात आणि तीत राख, घोड्याची लीद मिसळतात, ते या आकसण्याला आवर घालायला.

संध्याकाळी खालच्या शेतात उतरलो. कानडीत ‘गद्दे’ म्हणजे भातशेत, आणि गावाच्या नावात मला तरी तोच शब्द ऐकू येतो. डोंगरउतारावर जे जे कुजलं त्यातलं बारीक ते पावसाच्या पाण्याने उचललं आणि इथे खाली आणून टाकलं. जड वाळू वाटेतच राहिली. सगळ्यात शेवटी खाली बसले ते केओलिनाइटचे चपटे कण, एका मिलिमीटरच्या पाचशेव्या भागाहूनही लहान. मामेभावाने पहारीने वीतभर खाली खणून एक ढेकूळ काढून दिलं. करडं, थोडं निळसर. नातीने तोंड वाकडं केलं, “हे तर लाल नाहीच.”

पाण्यात भिजवून तिने वळी केली. पेन्सिलीएवढी जाड झाली, मग तिने ती बोटाभोवती अंगठीसारखी गुंडाळली. तुटली नाही. (तुमच्या गावच्या मातीची ही परीक्षा जरूर घ्या. अंगठी झाली तर समजा चिकणमाती आहे.) चपट्या कणांमध्ये पाण्याचा पातळ थर असतो आणि ते एकमेकांवरून घसरतात, एवढंच त्यामागचं गुपित.

आणि रंगाचं? लोखंड या मातीतही आहे. पण भातशेतात पाणी साचून हवा पोचत नाही, म्हणून ते लोखंड गंजत नाही आणि माती करडी राहते. भट्टीत हवा आणि उष्णता दोन्ही मिळाली की तेच लोखंड लाल होतं. मडक्याचा लाल रंग हा मडक्याने भट्टीत कमावलेला असतो.

मुलं माती मळत होती तेव्हा मामेभाऊ बांधावर माझ्याजवळ येऊन बसला. “काय गे ताई, माती चांगली आहे ना?” मी म्हटलं, उत्तम. तो म्हणाला, “वीटभट्टीवाला मागतोय. दोन फूट काढून नेतो म्हणाला. दोन वर्षं शेत पडीकच आहे. गवे, रानडुकरं काही ठेवत नाहीत. लावणीला माणसं मिळत नाहीत.” त्याने सांगितलेला आकडा लहान नव्हता. त्याच्या मुलीची कॉलेजची फी डोळ्यांपुढे होती.

खानापूरहून येताना रस्त्याकडेच्या विटांच्या भट्ट्या आम्ही पाहिल्या होत्या. खानापूरची माती पहिल्यापासून नावाजलेली. खादी ग्रामोद्योगाची कुंभारकाम शिकवणारी केंद्रीय संस्था तिथेच आहे. मंगळुरी कौलांची गोष्टही अशीच. बासेल मिशनने 1865मध्ये मंगळूरला कौलांचा कारखाना काढला तो नेत्रावती आणि गुरुपूर नद्यांच्या काठची माती पाहूनच. मातीवर माणसांची पोटं भरलीत, त्यात वाईट काही नाही.

पण मला माझ्या नोकरीचं तिसरं वर्ष आठवलं. कारखान्यात एका भातशेताचा नमुना आला होता. आकसणं कमी, वाळू बेताची, भाजल्यावर रंग सुरेख. मी ‘स्वीकारार्ह’ असा शेरा मारून सही केली. खड्डा किती खोल जाणार हे विचारणं माझ्या कामात बसत नव्हतं, आणि मीही विचारलं नाही. चार वर्षांनी त्या रस्त्याने गेले तेव्हा शेताच्या जागी डबकं होतं, आणि एका बाजूला उघडा पडलेला मुरूम. त्यावर काही उगवलेलं नव्हतं.

भावाला मी एवढंच सांगितलं, की भाताला पाणी धरून ठेवते ती हीच चिकणमाती. खाली किती आहे ते आधी पाहा. दुसऱ्या दिवशी त्याने तीन ठिकाणी खणलं. एका ठिकाणी साडेतीन फुटांवर मुरूम लागला, दुसऱ्या ठिकाणी अडीचवर, आणि वरच्या कोपऱ्यात पावणेदोन फुटांवरच. दोन फूट काढले असते तर त्या कोपऱ्यात पाणी थांबलंच नसतं. “आणि परत कधी भरणार ही?” त्याने विचारलं. मी म्हटलं, डोंगर कुजायला लागणारा वेळ आपल्या हिशेबात बसत नाही. वीतभर माती व्हायलाच हजारो वर्षं जातात. तो काही बोलला नाही. पहार धुऊन घरी गेला.

मुलांनी एकूण सात वस्तू केल्या. चार पणत्या, दोन वाट्या आणि एक नंदी, जो पाहणाऱ्याला डुक्कर वाटत होता. सावलीत चार दिवस वाळवून, निघायच्या आदल्या रात्री गोवऱ्या आणि भाताच्या तुसात त्यांचा आवा रचला. मी सांगत होते की अजून दोन दिवस वाळू द्या, पण दुसऱ्या दिवशीची बस होती. तासाभरात आतून फट् फट् आवाज आले. ओलावा राहिला की त्याची वाफ होते आणि मातीला फोडून बाहेर पडते. पाचशे-सहाशे अंशांच्या पुढे खनिजातलं ते अडकलेलं पाणीही निघून जातं, आणि त्यानंतर त्या मातीचा पुन्हा चिखल होत नाही.

सकाळी राखेतून तीन वस्तू धड निघाल्या. दोन पणत्या आणि नंदी. नंदी एका बाजूने लाल आणि राखेत दबलेल्या बाजूने काळा. “इकडे हवा नव्हती मिळाली,” नातीने भावंडांना समजावलं. मी गप्प बसले.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात भावाचा फोन आला. तरवा टाकलाय म्हणाला, फक्त खालच्या अर्ध्या शेतात, आणि भोवती कुंपण घालायला उसने पैसे घेतलेत. भट्टीवाल्याला काय सांगितलंस, मी विचारलं. “नाही म्हटलं नाही गे,” तो म्हणाला. “पुढच्या मेमध्ये ये म्हटलंय.”